अय्य आणि दास : ग्रीक शोकात्मिकेने नाट्यकलेस काय दिले?

मज्झिमनिकायातील अस्सलायनसुत्त आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचे आहे. श्रावस्तीत जमलेले ब्राह्मण अस्सलायन नावाच्या सोळा वर्षांच्या विद्वान तरुणास पुढे करतात आणि तथागतांशी वाद करण्यास पाठवितात. ब्राह्मण हाच श्रेष्ठ वर्ण होय, कारण तो ब्रह्म्याच्या मुखातून जन्मला, असा त्याचा पक्ष असतो. तथागत त्याच्यापुढे एकामागून एक प्रमाणे मांडतात. त्यांपैकी एक प्रमाण परदेशातील समाजरचनेचे आहे. योन, कंबोज आणि इतर सीमावर्ती जनपदांत दोनच वर्ण आहेत, एक अय्य म्हणजे स्वामी आणि दुसरा दास. तेथे अय्य असलेला दास होतो आणि दास असलेला अय्य होतो, हे त्याने ऐकले आहे काय, असे तथागत त्यास विचारतात. ऐकले आहे, हे अस्सलायनास मान्य करावे लागते. माणसाचा दर्जा जन्माने कायमचा ठरतो या मताला हा एकच दाखला पुरेसा होता.

पालीतील ‘योन’ आणि प्राचीन पारशी शिलालेखांतील ‘यौन’ हे दोन्ही शब्द ‘आयोनियन’ या ग्रीक लोकांच्या नावावरून आले आहेत. सम्राट अशोकाच्या तेराव्या शिलालेखात अंतियोक या योन राजाचा उल्लेख येतो, तोही याच अर्थाने. अय्याचा दास होतो, ही गोष्ट श्रावस्तीत ऐकीव माहिती होती. ग्रीकांच्या घरी मात्र ती रोजच्या भयाची गोष्ट होती. नगर पडले की पुरुष मारले जात आणि स्त्रिया-मुले दास म्हणून विकली जात. हे भय त्या लोकांनी कोठे बोलून दाखविले, असा प्रश्न केला तर पहिले उत्तर त्यांच्या शोकात्मिकांत सापडते. ज्या तीन नाटककारांनी हे भय रंगभूमीवर आणले, त्यांनीच नाटक या कलेला तिचा आजचा सांगाडा दिला. या दोन गोष्टींचा परस्परांशी काय संबंध आहे, हे पाहण्याचा आमचा येथे प्रयत्न आहे.

वृंदातून बाहेर पडलेला एक माणूस

अथेन्स नगरात दरवर्षी वसंत ऋतूच्या आरंभी डायोनिसस या देवतेचा महोत्सव भरत असे. अॅक्रोपोलिस टेकडीच्या दक्षिण उतारावर लोक हजारोंच्या संख्येने बसत आणि खालच्या वर्तुळाकार मोकळ्या जागेत वृंद गात व नाचत असे. ॲरिस्टॉटलच्या मते शोकात्मिका ही अशा देवस्तुतिपर वृंदगीताच्या प्रमुख गायकांपासून निघाली. परंपरा असे सांगते की थेस्पिस नावाच्या इसमाने इ.स.पू. ५३४ च्या सुमारास वृंदापासून एक माणूस वेगळा काढला. तो मुखवटा धारण करून कथेतील एखाद्या व्यक्तीच्या नावाने बोलू लागला आणि वृंद त्याच्याशी बोलू लागला.

नटासाठी ग्रीक भाषेत जो शब्द रूढ झाला, तो ‘हिपोक्रितेस’. त्याचा एक अर्थ ‘उत्तर देणारा’ असा लावला जातो. हा अर्थ ध्यानात ठेवण्याजोगा आहे. केवळ स्तुती गाणाऱ्या समूहात प्रश्न नसतो. एक माणूस समूहासमोर उभा राहिला की प्रश्नही येतो आणि उत्तरही येते. ज्यांनी सुत्तपिटक वाचले आहे त्यांना प्रश्न आणि उत्तर यांतून सत्याकडे जाण्याची रीत नवी नाही. कथेला ही रीत लावली की नाटक जन्मास येते.

या उत्सवाची व्यवस्थाही पाहण्यासारखी होती. तीन नाटककार निवडले जात. प्रत्येकाने तीन शोकात्मिका आणि त्यांना जोडून एक विनोदी अंगाचे नाटक सादर करावयाचे असे. वृंदाच्या शिक्षणाचा व पोशाखाचा खर्च एखाद्या धनिक नागरिकाने सार्वजनिक कर्तव्य म्हणून सोसावयाचा असे. निकाल देणारे परीक्षक चिठ्ठ्या टाकून निवडले जात. लोकसभेत मत देणारे नागरिकच येथे प्रेक्षक म्हणून बसत. त्यामुळे रंगभूमीवर मांडलेला वाद आणि लोकसभेतील वाद यांत फार अंतर राहिले नाही.

मिलेटसचे अश्रू

इ.स.पू. ४९४ मध्ये इराणच्या सैन्याने मिलेटस हे आयोनियातील अग्रगण्य नगर जिंकले. हिरोडोटस सांगतो की बहुतेक पुरुष मारले गेले आणि स्त्रिया व मुले दास झाली. अथेन्सचे लोक स्वतःला या नगराचे आप्त मानीत. पुढे फ्रिनिकस या नाटककाराने या घटनेवर नाटक रचले. ते पाहताना सारे प्रेक्षागृह रडले. मग अथेन्सने त्या नाटककारास एक हजार द्राख्मांचा दंड केला आणि ते नाटक पुन्हा कोणी करू नये असा हुकूम काढला. आपल्या स्वतःच्या दुःखाची त्याने आठवण करून दिली, हा त्याचा अपराध ठरला. याच शतकाच्या अखेरीस कुशल कारागिराची रोजची मजुरी सुमारे एक द्राख्मा होती, यावरून दंड किती जबर होता याची कल्पना येईल.

या एका प्रसंगाने शोकात्मिकेची पुढील दिशा पुष्कळ अंशी समजते. आपले ताजे दुःख समोर दाखविलेले समाजाला सोसत नाही. ज्यांनी आपल्या समाजाची वेदना प्रथम लिहिली त्यांना काय ऐकून घ्यावे लागले, हे आमच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. यानंतरच्या ग्रीक नाटककारांनी बहुतेक वेळा ट्रॉय, थीब्ज अशा जुन्या नगरांच्या कथा घेतल्या. कथा जुनी, पण प्रश्न आजचा, ही नाटकाची रीत त्यांनी पक्की केली.

एस्किलस : दुसरा नट

एस्किलसचा जन्म इ.स.पू. ५२५ च्या सुमारास झाला. बहुमान्य कालगणनेनुसार तथागतांचा काळ इ.स.पू. ५६३ ते ४८३ असा आहे, म्हणजे तो त्यांचा समकालीन होय. इ.स.पू. ४९० मधील मॅरेथॉनच्या लढाईत तो लढला होता. त्याच्या नावावरचा प्राचीन समाधिलेख या लढाईचाच अभिमानाने उल्लेख करतो. त्यात नाटकांचा शब्दही नाही.

ॲरिस्टॉटलने त्याच्या कार्याची नोंद अगदी थोडक्यात केली आहे. नटांची संख्या त्याने एकावरून दोनवर नेली, वृंदाचा भाग कमी केला आणि संवादास अग्रस्थान दिले. ही वाक्ये हिशेबाच्या वहीतील नोंदीसारखी कोरडी वाटतात, परंतु त्यांत एक क्रांती आहे. एक नट असतो तोवर तो वृंदाला वार्ता सांगू शकतो, वृंद शोक करू शकतो. दोन नट आले की दोन इच्छा समोरासमोर येतात. संघर्ष यापुढे ऐकविला जात नाही, तो डोळ्यांदेखत घडतो.

इ.स.पू. ४७२ मधील त्याचे ‘पर्शियन’ हे आज उपलब्ध असलेले सर्वांत जुने ग्रीक नाटक होय. त्याचा खर्च तरुण पेरिक्लीजने केला होता. यात अथेन्सचा विजय आहे, परंतु दृश्य शत्रूच्या राजधानीतील आहे. आठ वर्षांपूर्वी सालामिसच्या समुद्रात ज्यांना बुडविले त्यांच्या माता आणि विधवा यांचा शोक अथेन्सच्या नागरिकांनी बसून ऐकला. अथेन्सचे लोक कोणाचेही दास म्हणवून घेत नाहीत, असे इराणची राजमाता या नाटकात ऐकते. हे ऐकताना प्रेक्षकांस धन्य वाटले असेल. त्याच प्रेक्षकांच्या घरी दास पाणी भरीत होते, हेही विसरता येत नाही.

इ.स.पू. ४५८ मधील ‘ओरेस्टिया’ ही त्याची नाट्यत्रयी संपूर्ण स्वरूपात टिकलेली एकमेव त्रयी आहे. राजा आगामेम्नॉन युद्धासाठी आपल्या मुलीचा बळी देतो. राणी त्याचा वध करते. पुत्र ओरेस्टीज मातेचा वध करतो. मातेवर तलवार उगारल्यावर त्याचा हात थबकतो आणि तो मित्र पिलाडीजला विचारतो, काय करू? आतापर्यंत मूक असलेला पिलाडीज एवढ्यातच एकदा बोलतो आणि देवाच्या आज्ञेची आठवण देतो. तलवार पडते.

येथे विनयपिटकातील दीघावुकुमाराची कथा आठवल्यावाचून राहत नाही. काशीच्या ब्रह्मदत्त राजाने दीघावूच्या मातापित्यांचा वध केलेला असतो. पुढे तोच राजा अरण्यात दीघावूच्या मांडीवर डोके ठेवून निजतो. दीघावू तीनदा तलवार उपसतो आणि वैराने वैर शमत नाही हे पित्याचे अखेरचे वचन आठवून तीनदा ती म्यान करतो. प्रसंग तोच, क्षण तोच. एकाला स्मरण झाले ते वधाच्या आज्ञेचे, दुसऱ्याला अवैराचे.

एस्किलसही सूडाच्या साखळीला अंत शोधतो. तिसऱ्या नाटकात अथीना देवी नागरिकांचे न्यायालय स्थापन करते, मतदान होते, मते समसमान पडतात आणि ओरेस्टीज सुटतो. सूडाकडून न्यायाकडे झालेले हे संक्रमण नाटकाने दाखवावे, ही मोठी गोष्ट आहे. परंतु या न्यायालयात अपोलोने केलेला युक्तिवाद डोळे उघडे ठेवून वाचला पाहिजे. माता ही अपत्याची खरी जनक नव्हेच, असे तो म्हणतो. आणि पुरावा म्हणून मातेशिवाय झ्यूसच्या मस्तकातून जन्मलेल्या अथीनेकडे बोट दाखवितो. देवाच्या मस्तकातून किंवा मुखातून झालेल्या जन्माची कथा सांगून माणसाचा दर्जा ठरविण्याची ही युक्ती आम्हांस अनोळखी नाही. अस्सलायनास तथागतांनी दिलेले उत्तर येथेही लागू पडते : ब्राह्मणांच्या स्त्रिया ऋतुमती होतात, गर्भ धारण करतात, प्रसवतात, बाळाला पाजतात, हे सर्वांना दिसतच आहे.

सोफोक्लीज : तिसरा नट

सोफोक्लीजने (सुमारे इ.स.पू. ४९६ ते ४०६) तिसरा नट आणला आणि वृंदातील माणसे बारावरून पंधरा केली. रंगविलेल्या पडद्याचे श्रेयही ॲरिस्टॉटल त्यालाच देतो. एस्किलसने उत्तरायुष्यात या धाकट्या प्रतिस्पर्ध्यापासून तिसरा नट उचलला, हे दोघांच्याही मोठेपणाचे लक्षण होय. सोफोक्लीजच्या सुमारे १२० नाटकांपैकी आज सातच पूर्ण मिळतात.

तिसऱ्या नटाने काय साधते हे ‘राजा इडिपस’ वरून उत्तम कळते. मराठीत पु. ल. देशपांडे यांनी ‘राजा ओयदिपौस’ या नावाने ते आणले आहे. कोरिंथहून आलेला दूत इडिपसला धीर देण्यासाठी सांगतो की तू ज्यांना मातापिता मानतोस त्यांचा तू पुत्र नाहीस. इडिपस अधिक विचारू लागतो, दूत उत्तरे देऊ लागतो, आणि राणी योकास्टा बाजूला उभी राहून ऐकत असते. बोलणाऱ्या दोघांच्या आधी सत्य तिला कळते. प्रेक्षकांचे लक्ष आता बोलणाऱ्यांवर राहत नाही. ते गप्प असलेल्या स्त्रीवर जाते. एकाला ठाऊक आहे, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला नुकतेच उमगते आहे, अशी ज्ञानाची तीन पातळ्यांवरील मांडणी तिसऱ्या नटामुळेच शक्य झाली. पुढील सर्व नाट्यकला या मांडणीवर उभी आहे.

अखेरचे सत्य बाहेर येते ते एका वृद्ध मेंढपाळाच्या तोंडून. हा मेंढपाळ राजवाड्यातच वाढलेला दास आहे. तो सांगावयास तयार नसतो, म्हणून राजा त्याचे हात मागे बांधवितो. अथेन्सच्या न्यायालयात दासाची साक्ष यातना दिल्यावाचून ग्राह्य धरली जात नसे. प्रेक्षकांना त्यामुळे हे दृश्य परिचयाचे होते. राजा कोण आहे हे साऱ्या नगरात एका दासाला ठाऊक असते, आणि त्याने वर्षानुवर्षे ते मनात ठेवलेले असते.

‘अँटिगनी’ (इ.स.पू. ४४१ च्या सुमारास) या नाटकात राजाज्ञेविरुद्ध एक तरुणी उभी राहते. युद्धात पडलेल्या एका भावाचे प्रेत बेवारस टाकावे असा क्रेऑन राजाचा हुकूम असतो. अँटिगनी माती टाकून अंत्यसंस्कार करते आणि मरण पत्करते. या नाटकाचे बळ असे की क्रेऑनलाही स्वतःची बाजू आहे. नगर नुकतेच यादवीतून वाचले आहे आणि त्याला शिस्त हवी आहे. प्रतिपक्षाला त्याचे खरे शब्द दिल्याशिवाय वाद उभा राहत नाही, हा धडा सोफोक्लीजने नाटककारांना घालून दिला.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचा प्रसंग ज्या रीतीने मांडला आहे, त्याची येथे आठवण होते. वृद्ध, रोगी आणि प्रेत पाहून गृहत्याग ही पारंपरिक कथा त्यांनी नाकारली. त्याऐवजी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात उद्भवलेला कलह, शाक्यसंघाची सभा, सेनापतीचा युद्धाचा ठराव, सिद्धार्थाचा विरोध, मतदानात झालेला पराभव आणि शिक्षेचे पर्याय असा क्रम त्यांनी दिला. एकाने दुसऱ्यापासून घेतले असे आम्हांस सुचवावयाचे नाही. विवेक आणि बहुमताचा निर्णय यांतील विरोध सभेत, वादाच्या रूपाने दाखविला की तो किती स्पष्ट होतो, एवढेच सांगावयाचे आहे. फरकही मोठा आहे. अँटिगनीपुढे मरण उरते. सिद्धार्थ परिव्रज्या स्वीकारतो आणि कलहाचे मूळ शोधावयास निघतो.

युरिपिडीज : दासांचा आवाज

युरिपिडीज (सुमारे इ.स.पू. ४८० ते ४०६) याला हयातीत चारच वेळा पहिले पारितोषिक मिळाले. त्याची १८ नाटके निश्चितपणे त्याची म्हणून टिकली आहेत. ही संख्या इतर दोघांच्या एकत्रित नाटकांहून अधिक आहे. जिवंतपणी ज्याला कमी मान मिळाला त्याचे लेखन पुढच्या पिढ्यांनी सर्वांत जास्त जपले.

त्याने नटांची संख्या वाढविली नाही. कोणी बोलावयाचे हे बदलले. इ.स.पू. ४३१ मधील ‘मीडिया’ या नाटकाचा पडदा, आपल्या भाषेत सांगावयाचे तर, एक दासी उघडते. मालकिणीच्या घरात काय चालले आहे ते ती प्रथम सांगते. पुढे परदेशातून आणलेली आणि आता टाकलेली मीडिया स्त्रीच्या जिण्याविषयी जे बोलते ते अथेन्सच्या पुरुषांपुढे पूर्वी कोणी बोलले नसेल. नाटकांच्या त्या गटास तिसरा म्हणजे शेवटचा क्रमांक मिळाला. विनोदकार ॲरिस्टोफेनीजने इ.स.पू. ४०५ च्या ‘बेडूक’ या नाटकात युरिपिडीजची थट्टा केली आहे. तेथे युरिपिडीज फुशारकी मारतो की माझ्या नाटकात स्त्री बोलते, मालक बोलतो तसाच दासही बोलतो. थट्टेत सांगितलेली ही गोष्ट खरी होती.

इ.स.पू. ४१६ मध्ये अथेन्सने मेलोस बेट जिंकले, प्रौढ पुरुषांना ठार केले आणि स्त्रिया-मुलांना दास केले. पुढच्याच वसंतात युरिपिडीजने ‘ट्रॉयच्या स्त्रिया’ हे नाटक सादर केले. कथा ट्रॉयची होती. मेलोसचे नाव त्यात कोठेही नाही. पडलेल्या नगराबाहेर राणी हेक्युबा जमिनीवर पडली आहे आणि कोणती स्त्री कोणत्या विजेत्याची दासी होणार याच्या वार्ता एकेक करून येत आहेत. तिच्या नातवाला तटावरून खाली टाकून मारतात. हा लहान देह आजी ढालीवर ठेवून पुरते. अय्य दास होतो म्हणजे काय होते, हे याहून उघडपणे कोणत्याही प्राचीन रंगभूमीने दाखविले नाही. फ्रिनिकसला मिलेटससाठी दंड झाला होता. त्या वेळी अथेन्स पराभूतांच्या बाजूस होते. आता ते विजेत्यांच्या बाजूस होते आणि नाटकास दुसरे पारितोषिक मिळाले.

नाटक पाहून लोक बदलले काय? त्याच वर्षी अथेन्सचे आरमार सिसिली जिंकण्यास निघाले. इ.स.पू. ४१३ मध्ये त्याचा समूळ नाश झाला. थ्युसिडिडीजच्या सांगण्यानुसार सात हजारांहून कमी नसलेले कैदी सिराक्यूजच्या दगडखाणींत कोंडले गेले. प्लुटार्क लिहितो की युरिपिडीजच्या ओळी म्हणून दाखविल्यामुळे काही अथेनियन दास्यातून सुटले. ट्रॉयच्या स्त्रियांचे दुःख ज्यांनी बसून पाहिले होते त्यांच्यापैकी काही जणांवर दास होण्याची पाळी आली, आणि तारले ते नाटकाने.

पुढील परंपरा

इ.स.पू. ३८६ पासून या उत्सवात जुन्या शोकात्मिकांचे पुन्हा प्रयोग होऊ लागले. त्याच शतकात लायकर्गस या मुत्सद्द्याने तिन्ही नाटककारांच्या अधिकृत प्रती राज्याच्या ताब्यात ठेवविल्या. ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्र’ रचले ते याच शतकात. कथानकाला आदि, मध्य आणि अंत असावा, दैवाची कलाटणी आणि सत्याची ओळख एकत्र यावी, हे नियम त्याने कल्पनेने केले नाहीत. सोफोक्लीजची नाटके समोर ठेवून काढले. विंदा करंदीकर यांनी हा ग्रंथ १९५७ मध्ये मराठीत आणला.

रोममध्ये सेनेकाने या कथा लॅटिनमध्ये पुन्हा लिहिल्या आणि सेनेकामार्फत सूड, भूत, दीर्घ स्वगत ही सामग्री शेक्सपिअरच्या पिढीपर्यंत गेली. व्हेनिसमध्ये १५०२ साली सोफोक्लीज, १५०३ साली युरिपिडीज आणि १५१८ साली एस्किलस छापला गेला. त्याच शतकाच्या अखेरीस फ्लॉरेन्समधील काही विद्वानांनी ग्रीक नाटक गाऊन होत असावे अशा समजुतीने प्रयोग केले, त्यांतून संगीतिका हा नाट्यप्रकार निघाला. पूर्वेकडे अफगाणिस्तानात आय खानूम येथील ग्रीक नगराच्या उत्खननात मोठे नाट्यगृह सापडले आहे. मध्य आशियात अश्वघोषाच्या ‘शारिपुत्रप्रकरण’ या बौद्ध नाटकाचे ताडपत्रावरील तुकडे मिळाले. ल्यूडर्स यांनी ते १९११ मध्ये प्रसिद्ध केले. संस्कृत नाटक ग्रीकांपासून आले, हे मत एकोणिसाव्या शतकात मांडले गेले. परंतु केवळ ‘यवनिका’ या शब्दावर एवढी इमारत उभी राहत नाही. बौद्ध कवीने धम्मप्रवेशाची कथा रंगभूमीवर आणली, हे मात्र निर्विवाद आहे.

विसाव्या शतकातील एक उदाहरण पुरे होईल. दक्षिण आफ्रिकेत रॉबेन बेटावरील तुरुंगात वर्णद्वेषाविरुद्ध लढणाऱ्या कैद्यांनी ‘अँटिगनी’ केले. त्यात क्रेऑनची भूमिका नेल्सन मंडेला यांनी केली होती, असे त्यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. १९७३ मध्ये ॲथॉल फुगार्ड, जॉन कानी आणि विन्स्टन न्त्शोना यांनी ‘द आयलंड’ हे नाटक रचले, तेही याच बेटावर ‘अँटिगनी’ करणाऱ्या दोन कैद्यांविषयी आहे. दोन हजार चारशे वर्षांपूर्वीचा वाद कैद्यांना आपला वाटला.

धम्माच्या कसोटीवर

आमचे काही उपासक विचारतील की अट्ठंगसीलात नृत्य, गीत आणि खेळतमाशे पाहण्यापासून विरत राहण्यास सांगितले आहे, मग नाटकाचा एवढा विचार कशासाठी? संयुत्तनिकायात तालपुट नावाच्या नटप्रमुखाची कथा आहे. खरेखोटे दाखवून लोकांना हसविणारा नट मरणोत्तर देवलोकात जातो, असे त्याने गुरुपरंपरेने ऐकलेले असते. तथागत दोनदा त्याला हा प्रश्न विचारू नकोस असे सांगतात. तिसऱ्यांदा विचारल्यावर ते सांगतात की राग, द्वेष आणि मोह यांनी आधीच बांधलेल्या लोकांपुढे नट तेच आणखी वाढविणारी सामग्री ठेवतो. तालपुट रडतो. पुढे तो प्रव्रजित होऊन अर्हत होतो, आणि थेरगाथेत त्याच्या गाथा आहेत. प्लेटोनेही भावना भडकविणाऱ्या कवींना आपल्या आदर्श नगराबाहेर ठेवले होते. ॲरिस्टॉटलने उत्तर दिले की शोकात्मिका करुणा आणि भय जागवून त्या भावनांची शुद्धी करते.

बौद्ध अभ्यासकाला येथे एक भेद करता येतो. आचार्य बुद्धघोषांनी विसुद्धिमग्गात करुणेचे दोन शत्रू सांगितले आहेत. क्रौर्य हा दूरचा शत्रू, तर गृहस्थजीवनाशी जखडलेले दौर्मनस्य म्हणजे खिन्नता हा जवळचा शत्रू. खिन्नता करुणेसारखी दिसते म्हणून ती जवळची. दुसऱ्याच्या दुःखाने रडून घरी जाणारा आणि उद्या मेलोसवर मत देणारा प्रेक्षक या जवळच्या शत्रूच्या ताब्यात असतो. करुणा दुःख दूर करावयास निघते. शोकात्मिका दुःख दाखविते आणि क्वचित एस्किलससारखी त्याच्या कारणापर्यंत जाते. पण मार्ग सांगणे हे तिचे काम नव्हते. दुःखाचे पहिले सत्य तिने फार खोलवर पाहिले. उरलेल्या तीन सत्यांसाठी धम्माकडेच यावे लागते.

तरीही पहिले सत्य दिसल्याशिवाय दुसऱ्याकडे कोणी वळत नाही. म्हणून ही नाटके बौद्ध वाचकांनी वाचावीत असे आम्हांस वाटते. आपल्याकडे १९३० च्या दशकात आंबेडकरी जलशांनी गावोगावी प्रश्नोत्तराच्या रूपाने समाजजागृती केली. आजही जयंतीच्या आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या निमित्ताने विहारांच्या अंगणात एकांकिका होतात. त्यांपैकी पुष्कळांत वृंदगीत असते, जयघोष असतो, आणि उत्तर देणारा प्रतिपक्ष नसतो. जे तरुण अशा एकांकिका लिहितात त्यांनी तीन गोष्टी या ग्रीकांकडून निःसंकोच घ्याव्यात : विरोधकाला त्याचे खरे शब्द द्यावेत, गप्प उभ्या असलेल्या माणसाकडे प्रेक्षकांचे लक्ष न्यावे, आणि ज्याला कोणी विचारले नाही त्याला प्रथम बोलू द्यावे. अस्सलायनसुत्त लिहून ठेवणाऱ्या आपल्या परंपरेलाही या गोष्टी परक्या नव्हत्या. तेथेही सोळा वर्षांच्या प्रतिपक्षाला त्याचा संपूर्ण युक्तिवाद मांडू दिला आहे, आणि म्हणूनच अखेरीस तो शरण आला हे आपल्याला पटते.